उजवीकडे दोन बोटं

६ जानेवारी

खडू,

आधी आशीर्वाद घे आणि मग नीट बस, कारण पत्र लांबणार आहे. फोन का नाही केला, असं म्हणशील. फोन हॉलमध्ये आहे आणि तुझे काकाही दिवसभर हॉलमध्येच असतात. डोळे अधू झाल्यापासून ह्यांचे कान इतके तिखट झालेत, की मी स्वयंपाकघरात सुस्कारा टाकला तरी "काय झालं?" म्हणून विचारतात.

परवा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. काचबिंदूने आतली नस सुकत आलीय. समोरचं वाटीएवढं दिसतंय, तेही चार महिन्यांत जाईल, फार तर पाच. आता औषधाचा उपयोग नाही आणि ऑपरेशनचाही नाही. छत्तीस वर्षं छापखान्यात बसून हे दुसऱ्यांच्या चुका शोधत आले, आणि स्वतःच्या डोळ्यांतली चूक सापडली तेव्हा उशीर झाला होता. ऐकताना हे अगदी शांत होते. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "ठकू शाळेतून येताना एकदा दिसली असती ना, मग काही हरकत नव्हती." मी म्हटलं, फोटो आहेत की घरात. तर म्हणाले, "फोटोत ती बसलेली असते. मला चालत येताना बघायचीय."

तू ठकूला पाहिलेलं नाहीस. ती गेली, त्यानंतर दोन वर्षांनी तू झालास. नऊ वर्षांची होती माझी पोर, चार दिवसांच्या तापात गेली. शनिवारी ह्यांना अर्धी सुट्टी असायची. हे खिडकीत बसायचे, ती कोपऱ्यावरून वळायची, आणि अर्ध्या वाटेत ह्यांना बघून हात वर करायची. मग हेही हात वर करायचे. एवढंच.

तू ती चित्रं हलवणाऱ्या स्टुडिओत आहेस. माझ्या शिवणाच्या दुकानात, माझ्याच फरशीवर, माझाच खडू झिजवून तू चित्रं काढायला शिकलास. नावसुद्धा त्यातूनच पडलं. तर ठकू चालत येतेय अशी एक फिल्म मला करून हवी. फुकट नको, रीतसर किती पडतील ते सांग. गल्ली हवी, पोस्टमन हवा, कोपऱ्यावरची दोन कुत्री, तिच्या तीन मैत्रिणी, केसांत उडणारी रिबीन, वाऱ्यावर फुगणारा फ्रॉक, सगळं हवं. हे मला जन्मभर चिक्कू म्हणत आलेत. यात मी चिक्कूपणा करणार नाही.

तुझी मावशी


१७ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र घेऊन स्टुडिओच्या मालकांकडे गेलो. माणूस वाईट नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत कोटेशन काढून दिलं, ते सोबत ठेवलंय. उघडण्याआधी पाणी पिऊन घे.

आमच्याकडे एका सेकंदाला बारा चित्रं लागतात. तुझी यादी मिनिटभराची आहे, म्हणजे सातशे वीस. प्रत्येक चित्राला एक जण कच्चं काढणारा, एक रेषा पक्की करणारा, एक रंग भरणारा आणि एक तपासणारा. रिबीन उडते म्हणजे दर चित्रात तिला नवं वळण आलं. कुत्र्याला पाय चार. माणसं जितकी वाढवशील तितका भाव वाढतो. आणि सगळ्यात कठीण असतं चालणं. उभं राहायला फारसं काही पडत नाही, चालायला पडतं.

सगळं मिळून काकांच्या पेन्शनचे एकतीस महिने होतात. नात्यातलं काम म्हणून मालकांनी दहा टक्के सोडले, ते धरूनच. मी इथे पगारी माणूस आहे. दर माझ्या हातात नाही, कुठलं काम आधी घ्यायचं तेही नाही. मावशी, तू कधी काही मागितलं नाहीस, आणि मागितलंस तेव्हा मी तुला बिल पाठवतोय. लिहिताना लाज वाटतेय.

खडू


२४ जानेवारी

खडू,

पाणी प्यायले, कोटेशन उघडलं, आणि परत पाणी प्यायले. एकतीस महिने! तेवढ्यात मी अख्ख्या शाळेला गणवेश शिवून दिले असते, वर टोप्या फुकट.

असो. गिऱ्हाईक कमी कापड घेऊन आलं म्हणून आम्ही त्याला हाकलत नाही, बाही आखूड करतो. तर लिहून घे. कुत्री काढून टाक. पाय चार म्हणून भाव दुप्पट, हे काही मला पटलेलं नाही, पण काढ. पोस्टमन काढ, त्याने तरी या घरात कुठे कधी चांगली बातमी आणली? मैत्रिणी काढ. त्यांतली एक आता बँकेत असते, मला बघितलं की खाली मान घालून नोटा मोजत बसते. रिबीनही काढ, घट्ट वेण्या घाल. वारा नको. गल्ली नुसती मागे उभी असू दे, ती काही चालत नाही, तेव्हा तिचे पैसे लावू नकोस. आवाज नको. मिनिटाचे वीस सेकंद कर.

कोपऱ्यावरून वळून घरापर्यंत येणं आणि हात वर करणं, एवढं मात्र ठेव. त्याला कात्री लावायची नाही.

काल ह्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला त्याचं काही नाही. फुटल्यावर हे जमिनीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत राहिले. जरा लवकर कर रे.

मावशी


८ फेब्रुवारी

मावशी,

तू कापलंस तसं मीही कापलं. चालण्यातली एक युक्ती तुला सांगतो. सगळी पावलं काढावी लागत नाहीत. एक डावं आणि एक उजवं नीट काढलं, की तीच जोडी पुन्हा पुन्हा फिरवायची. बघणाऱ्याला वाटतं, पोरगी आख्खी गल्ली चालून आली. असं करून आकडा नऊ महिन्यांवर आणलाय. याच्या खाली मालक येत नाहीत. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही.

रंग कळावा म्हणून तू पाठवलेला ठकूचा फ्रॉक मिळाला. टेबलावर उलगडला तेव्हा आजूबाजूचे सगळे बघायला जमले. निळा नाही गं, पार करडा झालाय, शिवणीच्या आत खरा निळा सापडला. एक विचारायचं आहे. घेर मोजला, तर खालचा काठ उजवीकडे दोन बोटं जास्त आहे. मावशी, तुझ्या हातचा कपडा आणि तिरका? तसाच काढू की सरळ करू?

आणि ठकू चालायची कशी, ते चार ओळींत लिही. भरभर, उड्या मारत, रमतगमत? आईला विचारलं असतं, पण तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती ठकूच्या नावाने लगेच रडते.

खडू


१५ फेब्रुवारी

खडू,

फ्रॉक सरळच काढ. घाईत बेतला असेल, झाली चूक. गिऱ्हाईकाचा असता तर उसवला असता. घरच्या कपड्याला कोण बघतंय!

चालायची कशी म्हणजे? सगळी मुलं चालतात तशी. दप्तर पाठीवर, दोन्ही हात मोकळे, नजर खिडकीकडे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आता माझ्या धंद्यातली युक्ती ऐक. एक डावं, एक उजवं, अशी दोन पावलं तू काढणार. दोन कशाला? आम्ही कापड मधोमध दुमडतो आणि अर्धाच फ्रॉक कापतो. उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. ठकू समोरूनच येतेय ना खिडकीकडे? मग उजवं पाऊल काढ आणि दुमडून त्याचंच डावं कर. निम्मं काम वाचलं. त्याप्रमाणे मालकांना आकडा कमी करायला सांग, आणि सांग की ही अक्कल बाहेरून आलीय, तिचे पैसे मावशीने लावलेले नाहीत.

ओव्हरलॉकचं मशीन विकलं. ह्यांना सांगितलंय, दुरुस्तीला दिलंय. घरात त्याचा आवाज नाही म्हणून हे रोज विचारतात, "आलं का गं?"

मावशी


२७ मार्च

मावशी,

झाली एकदाची. तुझी युक्ती मालकांना सांगितली तर ते हसले. म्हणाले, हे आपल्यालाही ठाऊक असतं, पण गिऱ्हाईकाने सांगायची ही पहिलीच वेळ. सहा महिन्यांवर उतरले. ठकूचं एकच पाऊल काढलं आणि आरशात धरल्यासारखं उलटवून दुसरं केलं. अगदी बरोब्बर जुळलं.

उशीर झाला तो दंतमंजनामुळे. एका हसऱ्या दाताची जाहिरात आली. त्या कंपनीला तो दात तीनदा बदलून हवा होता आणि पैसे त्यांचे मोठे. ठकूला दोनदा मागे ढकललं. मी समोर बसून दाताला भुवया काढत होतो आणि दिवस मोजत होतो. काहीही करता आलं नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या खाचेत लाव. काकांना अगदी जवळ, टीव्हीच्या मधोमध बसव. काय म्हणाले ते लगेच कळव. त्या पत्राची मी वाट बघतोय, हे वेगळं सांगायला नको.

खडू


९ एप्रिल

खडू,

फिल्म मिळाली. फार सुंदर केलीस. वेण्या, कॉलर, खिशावरची ती टीपसुद्धा हुबेहूब.

शनिवारी ह्यांना टीव्हीपुढे बसवलं. गुडघे टेबलाला टेकतील इतके पुढे. काय लावणार आहे ते सांगितलं नव्हतं, म्हटलं आपोआप कळू दे. तीनदा बघितली. तिसऱ्यांदा तर डोकं खाली घेऊन नुसते पाय बघत होते, पूर्वी प्रूफं बघायचे तसे. मग म्हणाले, "छान आहे. कोणाची मुलगी?"

मी म्हटलं, कोणाची नाही, खडूने सरावासाठी केलीय. म्हणाले, "पोरगा हुशार निघाला."

तू वाईट वाटून घेऊ नकोस. ह्यांचे डोळेच आता राहिले नाहीत. वाटीएवढं होतं ते बटणाएवढं झालंय. त्यात तुझा काही दोष नाही.

मावशी


२१ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र आलं, त्यानंतरच्याच रविवारी मी आईला फिल्म दाखवली. म्हटलं, ती रडेल, पण निदान ओळखेल तरी. ती रडली नाही. शेवटपर्यंत बघून म्हणाली, "ही कोण? ठकूचा डावा पाय आखूड होता. तुला मावशीने सांगितलं नाही?"

मी विचारलं होतं, मावशी. चालायची कशी, असं स्पष्ट विचारलं होतं. फ्रॉकचंही विचारलं होतं. तू एक ओळ लिहायची होतीस. काकांचे डोळे गेलेले नाहीत. त्यांना नीट दिसलं, म्हणूनच त्यांनी ओळखली नाही. इतकी वर्षं चुका शोधणाऱ्या माणसापुढे मी जिचे दोन्ही पाय सारखे आहेत अशी मुलगी नेऊन ठेवली, आणि तू मला ती दुमडायला सांगितलीस.

मालकांकडे गेलो होतो. दुरुस्ती म्हणजे नवीन काम, म्हणाले. आखूड पायाचं चालणं दुमडून होत नाही. दोन्ही पावलं वेगळी, कंबर वेगळी हलणार, खांदा वेगळा पडणार. आणखी चार महिन्यांचं पेन्शन आणि रांगेत पाच आठवडे. मी आवाज चढवून बोललो, तेव्हा त्यांनी मला शांतपणे पाणी दिलं. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

रागावून लिहिलंय. फाडून परत लिहावं, तर तेच लिहीन. आता काय करू, सांग.

खडू


२८ एप्रिल

खडू,

तुझं पत्र न्हाणीघराचं दार लावून वाचलं.

जन्मतःच तिचा डावा पाय आखूड होता. या घरात त्या चालीला असलेला शब्द मी कधी कोणाला उच्चारू दिला नाही. फोटोवाला आला की तिला खुर्चीवर बसवायचे. उभी राहिली की तिची उजवी कंबर वर जायची आणि तिकडून फ्रॉक उचलला जायचा. म्हणून उजवीकडे दोन बोटं जास्त. उभी राहिल्यावर काठ कसा अगदी सपाट दिसायचा! नऊ वर्षांत बावीस फ्रॉक शिवले आणि बावीसही असेच बेतले. माझ्या हातून चूक कधीच झाली नव्हती, खडू. तुझ्याशी मी खोटं बोलले.

ह्यांना तिच्या पायाचं कधी काही वाटलं नाही. एकाच गणवेशातल्या तीस मुली कोपऱ्यावरून वळल्या, तरी हे खिडकीतून म्हणायचे, "ती बघ आली." मला मात्र त्या चालीचीच लाज वाटायची. पोर आपली, आणि लाज मला.

दुमडायला सांगितलं ते नुसतं पैसे वाचावेत म्हणून नव्हतं. मला तिला एकदा सरळ चालताना बघायचं होतं. डोळे जाण्याआधी ह्यांनी काय मागितलं आणि मी ह्यांच्याच पेन्शनमधून स्वतःसाठी काय विकत घेतलं, बघ. आणि मिळालं तरी काय? तीनदा बघितली. सरळ चालत आली आणि माझीही नव्हती.

आता राहू दे. पेन्शन पुढच्या ऑक्टोबरपर्यंत हप्त्यांत गेलंय, विकायला मशीन उरलं नाही, आणि ह्यांचं बटण आता सुईच्या नेढ्यावर आलंय. तू नोकरी सांभाळ. मालकांशी भांडू नकोस.

मावशी


३० मे

मावशी,

राहू दिलं नाही.

स्टुडिओतली चित्रं बाहेर नेता येत नाहीत, तसं सही करून दिलेलं असतं. म्हणून घरी कागदावर पहिल्यापासून काढली. खिडकीच्या काचेवर कागद चिकटवायचा, उजेडात खालचं चित्र दिसतं, त्यावर पुढचं. उजेड असेल तेवढंच काम आणि सुट्टी असेल तेवढेच दिवस. चार जण करतात ते एकट्याने करायचं म्हणजे किती वेळ लागतो, ते मला इतकी वर्षं त्याच धंद्यात राहूनही ठाऊक नव्हतं. रजा मागितली, मिळाली नाही. दाताची दुसरी जाहिरात आलीय.

ठकूची चाल मला आईने चालून दाखवली. लहान मावशी म्हणून तीच तर तिला शाळेत सोडायची. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालली, मग खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी सगळं टिपून घेतलं होतं.

सोळा सेकंद झालेत. रेषा थरथरतात, रंग जागोजागी उडालाय. पण या वेळी काहीही दुमडलेलं नाही. आणि एक सांगायचं राहिलं. फ्रॉक होता तसाच काढला, उजवीकडे दोन बोटं जास्त. ठकू खिडकीखाली येऊन उभी राहते ना, तेव्हा काठ अगदी सपाट दिसतो. तुझं माप चोख होतं, मावशी.

पेनड्राइव्ह सोबत आहे. उशीर झाला नसेल ना?

खडू


८ जून

खडू,

उशीर झाला. दोन तारखेला सकाळी ह्यांनी मला खिडकी उघडायला सांगितली. खिडकी उघडीच होती.

तुझं पाकीट शनिवारी आलं. मी ह्यांना सगळं खरं सांगितलं. आधीची फिल्म कोणाची होती ते, पाय कोणी सरळ केला ते, मशीन कुठे गेलं ते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लाव."

टीव्हीपुढे बसवलं. तोंड थोडं बाजूला होतं, मी हनुवटी धरून सरळ केलं. मग वाटलं, आता कशाला सरळ करतेय मी!

आवाज नाही, मीच कापला होता. त्यामुळे फिल्म लागली तरी घरात काहीच झालं नाही. ह्यांनी विचारलं, "काय दिसतंय?" मी सांगत गेले. गल्ली आहे. कोपरा आहे. वळली. दप्तर पाठीवर आहे. निळा फ्रॉक आहे. ह्यांनी विचारलं, "चालतेय कशी?" मी परत फ्रॉकचंच सांगत बसले. सोळा सेकंद म्हणजे किती रे! संपूनही गेली.

परत लावली. परत तेच, "चालतेय कशी गं?"

खडू, ती आली रे. तशीच. डावा खांदा टाकत, कंबर उचलत, घाईघाईने. बघणारं घरात मी एकटी, आणि मीच ती कधी बघितली नव्हती, फ्रॉकच बघत राहिले होते.

मी म्हटलं, "लंगडतेय."

या घरात तो शब्द पहिल्यांदाच निघाला. हे म्हणाले, "मग आपलीच आहे," आणि त्यांनी टीव्हीकडे हात वर केला.

फिल्म केव्हाच संपली होती. मी सांगितलं नाही.

मावशी